कच्च्या अंड्यावरचं औषध

समताची तेरवी झाली त्याच दिवशी करिष्माशी माझं लग्न लावायचं ठरलं. ठरवणारे सगळे होते, मी सोडून. आणि करिष्मा सोडून.

आमच्याकडे यात कुणाला वावगं वाटत नाही. बायको गेली आणि तिची धाकटी बहीण लग्नाची असली, तर ती त्याच घरात देतात. घर पाहिलेलं असतं, सोयरीक तुटत नाही. शेवटची पंगत उठली होती, आचारी कढया घासत होता. माझे सासरे पंजाबराव माझ्या मायजवळ येऊन बसले आणि खाली पाहत म्हणाले की एक पोरगी तुमच्या घरी दिली, दुसरीही तुमचीच समजा. मायनं डोळ्याला पदर लावला आणि मान हलवली. मी समोर बसलो होतो. मी काही बोललो नाही. अशा ठिकाणी न बोलणं म्हणजे हो, हे मला ठाऊक होतं, पण बोलायला तोंडात काही नव्हतं.

दुसरबीडला रस्त्यालगत माझा गाळा आहे, तिथे मी जळालेल्या पंपांच्या मोटारींचं वायंडिंग करतो, आतली तांब्याची तार नव्यानं भरतो. समता साखरखेर्ड्याची. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल नव्हतं. माझी तपासणी झाली, त्यात दोष निघाला नाही. तिचीही वरवरची तपासणी चांगली आली. मग आम्ही औरंगाबादला एका सेंटरला जाऊ लागलो. तिथे पोटात सुया घेऊन अंडी वाढवतात. शेवटी एक सुई अशी असते की तिच्यामुळे अंडी पिकतात. मग भूल देऊन ती बाहेर काढतात आणि काचेच्या बशीत नवऱ्याच्या बीजाशी जुळवतात. पिकलेलं अंडंच जुळतं. कच्चं जुळत नाही.

समताची सगळी अंडी कच्ची निघाली. डॉक्टर म्हणाले, असं कधी कधी होतं, पुढच्या वेळी सुई बदलू. पुढच्या वेळी सुई बदलली. पुन्हा सगळी कच्ची. डॉक्टरांनी समजूत घातली. तिच्यावर इलाज करणाऱ्या माणसाला कारण माहीत नाही, एवढं मात्र आम्हाला त्या बोलण्यातून कळलं.

त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर अनुपमा मॅडम बसत. त्या इलाज करत नव्हत्या, संशोधन करत होत्या. खाली आल्या, समताच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसल्या आणि नीट समजावून सांगितलं. पिकलेल्या अंड्याच्या कडेला एक बारीक मणी सुटलेला दिसतो. मोठ्या भिंगाखाली डॉक्टर तेवढी एकच खूण पाहतात. पण मणी सुटायच्या आधी अंड्याच्या आत खूप काही घडून गेलेलं असतं. अंड्यात आधीपासून संदेश साठवलेले असतात. त्यातले काही वेळेवर वाचले जातात, त्यांच्यापासून प्रथिनं बनतात, काही पुसले जातात. कोणता संदेश, कोणतं प्रथिन पाहिलं म्हणजे अंडं खरंच पिकलं म्हणता येईल, त्या आतल्या खुणा मॅडम शोधत होत्या. समताची कच्ची अंडी एरवी फेकूनच देणार होते. ती आणि थोडं रक्त अभ्यासाला द्याल का, असं त्यांनी विचारलं.

समता म्हणाली, "घ्या. पण ते काऊन पिकत नाही ते मले सांगा."

मॅडम म्हणाल्या, "कळलं तर नक्की सांगेन. वेळ लागेल."

आम्ही घरी आलो. समतानं जे झालं ते तिच्या आईला फोनवर सांगितलं. माझ्या सासूचं नाव मंजुळाबाई. बाई वाईट नाही, हे आधीच लिहितो. लेकीवर तिचा जीव होता. समता लहानपणी तापानं फणफणली तेव्हा ही बाई तिला पाठीशी बांधून भर उन्हात मेहकरपर्यंत पायी गेली होती. पण मंजुळाबाईंना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. कच्चं ते उबेनं पिकतं. आंबा अढीत घातला की पिकतो, पोरीचं पोट थंड पडलं असेल. डॉक्टरच्या सुया थंड असतात, त्या फ्रिजात ठेवतात, त्यांनी काय पिकणार. असं त्यांनी मला स्वतः सांगितलं.

त्यांनी समताचं दही बंद केलं, केळ बंद केलं. खारीक, तीळ, डिंक सुरू केला. आणि मेहकरच्या पलीकडे कुठल्याशा खेड्यात एक माणूस औषध देतो, त्याच्याकडून करड्या रंगाचं भस्म आणलं. सकाळी उपाशीपोटी, शेळीच्या कोमट दुधात. समता हसत घ्यायची. एकदा म्हणाली, "आता मले तणसात घालून वरून पोतं टाका म्हणजे झालं." मी म्हणालो, नको वाटत असेल तर घेऊ नको. ती म्हणाली, "डॉक्टरचं दोनदा घेतलं, आईचं एकदा घेऊन पाह्यतो. आईचं मन राहते."

पावसाळा संपत आला तेव्हा तिची भूक गेली. मग डोळे पिवळे झाले. मग ती मला काहीतरी भलतंच विचारू लागली, की मोटार बंद केली का, विहिरीवर कोण आहे. आमच्याकडे विहीर नाही. फारुखच्या गाडीत घालून तिला जालन्याला नेलं. लेक आजारी म्हणून मंजुळाबाई आमच्याकडेच येऊन राहिल्या होत्या, त्याही सोबत निघाल्या. फारुख माझ्या शेजारचा गाळेवाला, चपला विकतो.

तिथल्या डॉक्टरनं पहिलाच प्रश्न विचारला, की हिला घरचं काही औषध देत होता का. मंजुळाबाई माझ्या आधी बोलल्या. "काहीच नाही. घरचं जेवण." मी म्हणालो, भस्म देत होतो. डॉक्टर म्हणाले, ते लगेच घेऊन या, त्यात काय आहे ते पाहावं लागेल. मी घरी मायला फोन लावला. फडताळातली डबी धुऊन पालथी घातलेली होती. मायनं धुतली नव्हती. त्या दिवशी घरी माय सोडून कोण होतं ते सगळ्यांना माहीत होतं, आणि त्या आता माझ्याशेजारी दवाखान्याच्या बाकावर बसून माळ ओढत होत्या.

समता गेली. यकृत निकामी झालं होतं. डॉक्टर म्हणाले, ते भस्मानं असेल किंवा साध्या काविळीनं असेल, औषध पाहिल्याशिवाय मी कशावर बोट ठेवू. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मलाही आजपर्यंत नक्की माहीत नाही.

तेरवीनंतर मी दुकान उघडलं. माय साखरखेर्ड्याला फोन करत राहिली. साखरपुडा अक्षय्य तृतीयेला करायचा असं तिचं आणि मंजुळाबाईंचं चाललं होतं. मी हो-नाही करत नव्हतो. करिष्मा मला आठवत होती ती समताच्या मागे उभी राहून हसणारी. बी.ए. झालेली, घरी पोरांच्या शिकवण्या घ्यायची. मला ती बायको म्हणून डोळ्यासमोर येतच नव्हती. मला कुणीच येत नव्हतं.

अशात एक दिवस दुकानात अनुपमा मॅडमचा फोन आला. सेंटरमध्ये माझाच नंबर दिलेला होता. त्या खुशीत होत्या. म्हणाल्या, समताताईंना द्या, त्यांना सांगायचं कबूल केलं होतं.

मी सांगितलं, ती नाही. त्यांना वाटलं माहेरी गेली असेल. मग मी नीट सांगितलं. भस्माचंही सांगितलं.

मग त्या म्हणाल्या की हे फोनवर सांगायचं नसतं, तुम्ही इकडे या. मी म्हणालो, आता सांगा.

त्यांनी सांगितलं. अंड्यात साठवलेले संदेश सांभाळून ठेवणारं एक प्रथिन असतं. समताच्या अंड्यांत ते नव्हतंच. ते बनवायची आज्ञा जिथे लिहिलेली असते तिथेच जन्मापासून चूक होती. त्यामुळे अंडं एका पायरीवर येऊन थांबायचं. बाहेरून काहीही केलं तरी पुढे जायचं नाही.

"म्हणजे भस्मानं पिकलं नसतं," मी म्हणालो.

"कशानंच नसतं पिकलं. आमच्या सुयांनीही नाही."

"तुमच्या सुया दोनदा दिल्या."

"हो," त्या म्हणाल्या. "तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं."

मला त्यांचा राग आला, आणि राग यावा असं त्यांनी काही केलं नव्हतं, म्हणून आणखी आला.

त्यांनी विचारलं की समताच्या आईवडिलांचं लग्नाआधीपासून काही नातं होतं का. होतं. पंजाबरावांनी मामाची पोरगी केलेली. त्या म्हणाल्या, मग त्या आज्ञेच्या दोन प्रतींपैकी एकीत तीच चूक दोघांकडे असणार, दुसरी प्रत चांगली. त्यांना स्वतःला त्याचा त्रास नाही, पण दोघांकडून मुलीत आली की असं होतं. मग म्हणाल्या, "त्यांना बहीण आहे का?"

मी आहे म्हणालो. त्या म्हणाल्या, चारात एक शक्यता. रक्तावरून समजेल. समजलं तर तिला पुढे सुयांच्या वाटेला जावं लागणार नाही. तपासायचं की नाही ते तिनं ठरवायचं, पण तिला माहीत असायला हवं.

मी त्याच दिवशी गेलो असं नाही. आठवडाभर डोक्यात घोळवलं. करिष्माला सांगायचं म्हणजे तिच्या आईवडिलांसमोर सांगायचं, आणि त्यांना सांगायचं म्हणजे काय होईल ते मला दिसत होतं. मी नंतर सांगू असं ठरवत होतो. पण एका सकाळी माय भाकरी थापता थापता मोठ्या कौतुकानं म्हणाली, "मंजुळाबाई करिष्माले आत्तापासूनच औषध देऊन राह्यल्या. म्हणतात, मागच्या खेपी उशीर झाला. लग्नाआधीच पोट गरम केलं पाह्यजे होतं."

मी भाकरी तशीच टाकून गाडी काढली.

साखरखेर्ड्याला मला जावयासारखं घेतलं. चटई टाकली, पाणी आलं, चहा आला. पंजाबरावांनी सोयाबीनच्या भावाचं काढलं. त्यांना वाटलं मी साखरपुड्याचं बोलायला आलो. मंजुळाबाई दारात बसल्या. करिष्मा आतल्या खोलीच्या उंबऱ्याला टेकून उभी होती. मी आधी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. पांढरे होते. सगळ्यांना ते भलतंच वाटलं असणार, कारण पंजाबराव थोडं हसले.

मी मॅडमनी सांगितलं ते सगळं सांगितलं. जमेल तितकं साध्या शब्दांत सांगितलं. करिष्माच्या रक्ताची तपासणी करून घ्या म्हणालो. भस्म बंद करा, त्याचा काही उपयोग नाही, म्हणालो.

पंजाबरावांनी चहाची बशी खाली ठेवली. "पोरगी नको असंल तं नको म्हणा, जवाई. तिले नाव काऊन ठेवता?"

मी म्हणालो, "मामा, नाव ठेवत नाही. मॅडमनी तपासलं त्यातून निघालं."

"काय निघालं? मी मामाची पोरगी केली ते निघालं? माह्या बापानं केली, आज्यानं केली. साऱ्याले पोरं झाली. आमच्या घरात कच्चं काही नव्हतं."

मी मंजुळाबाईंकडे न पाहता बोलत होतो, म्हणून त्यांचा आवाज आला तेव्हा मी दचकलो.

"म्हणजे मी मारली."

मी म्हणालो, "मी तसं नाही म्हणत, मामी."

"तेच म्हणता. जालन्याले पण तुम्ही तेच म्हणत होते. डॉक्टरसमोर म्हणत होते."

खोटं बोलावं असं मला फार वाटलं. काविळीनं गेली असेल असं म्हणता आलं असतं. ते खोटंही नसतं, नक्की कुणालाच माहीत नव्हतं. पण उंबऱ्यात करिष्मा उभी होती, आणि मी तसं म्हणालो असतो तर उद्या सकाळी तिच्या पुढ्यात पुन्हा दूध आलं असतं.

"मले वाटते त्यानंच गेली," मी म्हणालो. "करिष्माले देऊ नका. बाकी मले काही नाही पाह्यजे."

मंजुळाबाई उठून आत गेल्या. रडायला गेल्या असं मला वाटलं. त्या डबी घेऊन आल्या. माझ्यासमोर चटईवर मांडी घालून बसल्या, झाकण काढलं, आणि चमचा न घेता चिमटीनं भस्म उचलून तोंडात टाकलं. मग आणखी एकदा. दूध नाही, पाणी नाही. ओठ करडे झाले, ठसका लागला, पंजाबराव हात धरायला गेले तो त्यांनी झटकला.

"पाहा आता," त्या म्हणाल्या. "तिच्या वाट्याचंही मीच घेईन. रोज घेईन. मले काही झालं तं तुमचं खरं. न झालं तं माह्या पोरीचं नाव तुमच्या तोंडी पुन्हा येऊ नये. दोन्ही पोरींचं."

मी करिष्माकडे पाहिलं. ती म्हणाली, "ताईले माहीत होतं? ते प्रथिनाचं?"

"नाही. फोन आला तेव्हा ती नव्हती."

ती म्हणाली, "भाऊजी, तुम्ही निघा आता."

मी निघालो. कुणी दारापर्यंत आलं नाही.

घरी येऊन मायला सांगितलं. ती कपाळावर हात मारून घेत म्हणाली, "नको म्हणायचं होतं तं नको म्हणायचं. रक्ताचं काऊन काढलं रे?" पुढच्या आठवड्यात तीच मला देऊळगावकडची एक मुलगी सुचवू लागली, आणि पोरगी चारात एक असेल तर त्या घरी जायलाच नको होतं असंही म्हणाली. करिष्माच्या वाईटाचं तिला काही वाटलं नाही. आपण वाचलो एवढंच वाटलं.

मी अनुपमा मॅडमचा नंबर करिष्माच्या मोबाइलवर पाठवला. तिनं वाचला, तशी खूण आली. उत्तर आलं नाही. मॅडमनी एकदा फोन करून विचारलं, कुणी आलं नाही म्हणाल्या. मी जबरदस्ती करू शकत नाही, असंही म्हणाल्या. त्यांच्या आवाजात खुशी नव्हती. नंतर त्यांनी फोन केला नाही.

गोष्ट पसरायच्या आत पंजाबरावांनी करिष्माचं लग्न सुलतानपूरला ठरवलं आणि अक्षय्य तृतीयेलाच उरकलं. मला निमंत्रण नव्हतं. गोष्ट तरीही पसरली, पण उलटी. मला मेव्हणी नको होती म्हणून मी तिच्या पोटाला दोष लावला, सासूला खुनी म्हणालो. दुकानात मोटार घेऊन येणारेही एक-दोघं मला हे सुनावून गेले. मंजुळाबाई रोज सकाळी ओट्यावर बसून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं, दुधात भस्म घालून घेतात. सगळ्या आळीनं पाहिलंय. बाई धडधाकट आहे. आधीपेक्षा चांगली भूक लागते म्हणते. आता दुसऱ्या बायाही त्या माणसाचा पत्ता विचारायला तिच्याकडे येतात.

भस्म प्रत्येक वेळी सारखं नसतं, असं मला वाटतं. किंवा एकाला सोसतं, एकाला सोसत नाही. किंवा समता काविळीनंच गेली आणि मी एका आईला तिच्या घरात बसून मुलीची मारेकरीण म्हणालो. हे तिन्ही मी रोज घोळवतो. तारेचे वेढे मोजताना चुकतो, पुन्हा उसवून भरतो.

फारुख साखरखेर्ड्याच्या आठवडी बाजारात दुकान लावतो. त्याची बायको सरवरी सोबत बांगड्या घेऊन बसते. तिनं मंजुळाबाईंना बोलताना ऐकलं, की आषाढातल्या आखाडीच्या सणाला करिष्मा माहेरी येणार आहे, जाताना तिच्यासोबत डबी देणार, आता सासरी काही कमी पडू देणार नाही. सरवरीनं मला सांगितलं ते चांगली बातमी म्हणून सांगितलं.

मी करिष्माला फोन लावला. तिच्या नवऱ्यानं उचलला, कोण बोलता विचारलं. मी नाव सांगितलं. त्यानं ठेवून दिला.

तेव्हापासून मी प्रत्येक बाजाराच्या दुसऱ्या दिवशी फारुखला विचारतो की मंजुळाबाई दिसल्या का. सुरुवातीला तो गंमत करायचा. म्हणायचा, "तुही सासू ठणठणीत आहे बे. एका चपलेसाठी माह्याशी तासभर भांडली, न शेवटी घेतलीच नाही." मी विचारायचो, चेहरा कसा होता, थकल्यासारख्या वाटल्या का, डोळे कसे होते. तो सांगायचा.

काल तो चपलांच्या जोड्या पोत्यात भरत होता. मी विचारलं तसा त्याचा हात थांबला.

"तू तिच्या आजारपणाची वाट पाहून राह्यला का बे?"

मी म्हणालो, "डोळे पाह्यले का नाही, तेवढं सांग."

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलं, गाठ ओढून पाहिली.

"पाह्यले," तो म्हणाला. "पांढरे होते."